उतरवून घेणे

‘डाउनलोड करणे’ याला मराठी आंतरजालावर जे प्रतिशब्द रूढ झाले, त्यांपैकी ‘उतरवून घेणे’ हा आम्हांला सर्वाधिक अर्थवाही वाटतो. मराठीच्या विद्यार्थ्याला तो परका नाही. छापखाने येण्यापूर्वी ज्याला ग्रंथ हवा असे, तो कुणाकडून तरी पोथी मागून आणी, बसून ती उतरवून घेई आणि मूळ प्रत परत करी. अखेरीस पुष्पिकेत तो शक, तिथी, गाव आणि आपले नाव नोंदवी. आज आपल्या हाती असलेले प्राचीन मराठी वाङ्मय बव्हंशी अशा उतरवून घेणाऱ्यांच्या श्रमांतून आलेले आहे. लीळाचरित्राची मूळ प्रत धाडीत नाहीशी झाली आणि अनुयायांच्या स्मरणातून तो ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला, असे महानुभाव परंपरा सांगते. हिराइसेच्या पाठाचे महत्त्व एम. ए.च्या वर्गात आम्ही दरवर्षी समजावून देतो. मात्र आपल्याच काळात बोलल्या जाणाऱ्या शब्दाचे काय होते, तो कोण उतरवून घेतो, हा प्रश्न त्या वर्गात क्वचितच निघतो.

प्रस्तुत लेखाचा विषय पॉडकास्ट उतरवून घेणे, आणि तेही कमांड लाइनवरून, हा आहे. मराठीच्या अध्यापकांनी या वाटेला का जावे, अशी शंका काहींना येईल. आमचे म्हणणे थोडक्यात असे: पॉडकास्ट हा मुळात बाळगता येण्याजोगा ऐवज म्हणून जन्माला आला. भ्रमणध्वनीवरील ॲपांनी त्याचे रूपांतर केवळ ऐकून सोडून देण्याच्या वस्तूत केले आहे. तो ऐवज पुन्हा आपल्या हाती घेण्याचा सर्वांत साधा आणि टिकाऊ मार्ग कमांड लाइन हा आहे. आणि त्या मार्गाला लागणारी शिस्त ही पाठचिकित्सा शिकलेल्या माणसाच्या अंगी आधीच असते, किंवा असायला हवी.

प्रथम जन्मकथा. डेव्ह वायनर यांनी डिसेंबर २००० मध्ये आरएसएस या प्रणालीच्या ०.९२ आवृत्तीत ‘एन्क्लोजर’ नावाच्या एका घटकाची भर घातली. एन्क्लोजर म्हणजे पत्रासोबत जोडलेले सहपत्र. आरएसएस ही एक साधी मजकुराची फाईल असते. तीत संकेतस्थळावरील नव्या लेखांची शीर्षके, तारखा आणि दुवे क्रमाने दिलेले असतात. या भरीमुळे लेखाच्या नोंदीला ध्वनिफाईलचा पत्ता, तिचा आकार आणि तिचा प्रकार जोडता येऊ लागला. ॲडम करी यांनी या सोयीचा पाठपुरावा केला आणि २००४ मध्ये उतरवलेल्या फायली आपोआप आयपॉडवर चढवणारी एक छोटी आज्ञावली लिहिली. त्याच वर्षी फेब्रुवारीत बेन हॅमर्सली यांच्या ‘द गार्डियन’मधील लेखात ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द अवतरला. जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टना स्थान दिले, आणि वर्ष संपता संपता न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन शब्दकोशाने ‘पॉडकास्ट’ला वर्षाचा शब्द ठरवले.

या इतिहासातील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, येथे मध्यस्थाची गरजच नव्हती. कर्त्याने आपल्या जागेवर एक यादी ठेवायची. श्रोत्याच्या संगणकाने ती यादी वाचून नवे काय ते आणायचे. कुणाची परवानगी नाही, कुणाकडे खाते नाही. आजही बहुसंख्य पॉडकास्ट याच यादीवर चालतात. ॲपे तीच यादी वाचतात, फक्त ती आपल्याला दाखवत नाहीत. म्हणूनच ऑगस्ट २०२३ मध्ये स्टिचर आणि २०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट्स बंद झाले तेव्हा मोकळ्या यादीवरचे कार्यक्रम जागच्या जागी राहिले. गेली ती केवळ खिडकी. याउलट जो कार्यक्रम यादीतून उठून एकाच कंपनीच्या कोठारात गेला, त्याचे भवितव्य त्या कोठाराच्या मालकावर अवलंबून राहिले. जो रोगन यांचा अत्यंत लोकप्रिय कार्यक्रम २०२० मध्ये स्पॉटिफायने केवळ आपल्यापुरता घेतला. २०२२ मध्ये त्याचे अनेक जुने भाग काढून टाकण्यात आले, आणि २०२४ मध्ये नव्या करारानंतर तो पुन्हा सर्वत्र आला. त्या कार्यक्रमाविषयी कुणाचे मत काहीही असो; बोललेला शब्द असा एका कराराने आत-बाहेर होऊ शकतो, ही गोष्ट आम्हांला चिंतेची वाटते.

आता कमांड लाइनकडे वळू. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे पाहून दचकण्याची गरज नाही. भाषेच्या अभ्यासकाला तर हा पडदा ओळखीचा वाटावा, कारण येथील प्रत्येक वाक्य आज्ञार्थी असते. मराठीत क्रियापद शेवटी येते, येथे ते आरंभी येते: आधी क्रियापद, मग उणे चिन्हाने सुरू होणारी क्रियाविशेषणे, शेवटी कर्म. ‘डब्ल्यूगेट’ हे असेच एक क्रियापद, अर्थ, ‘आण’. त्यापुढे उणे चिन्ह आणि ‘सी’ हे अक्षर लिहिले की अर्थ होतो, ‘अर्धवट तुटले असेल तर तेथून पुढे आण’. तालुक्याच्या गावी जेथे वीज आणि आंतरजाल दोन्ही लहरी, तेथे या एका अक्षराचे मोल शहरी वाचकाला सहसा कळणार नाही. ‘लिमिट-रेट’ हे क्रियाविशेषण जोडले तर आणण्याचा वेग बांधून घेता येतो, म्हणजे घरातील इतरांचे काम अडत नाही. ‘कर्ल’ हे दुसरे क्रियापद. डॅनियल स्टेनबर्ग यांचे हे काम १९९८ पासून याच नावाने प्रसिद्ध आहे आणि २०१८ पासून विंडोज १० मध्येही ते मुळातच दिलेले असते. पॉडकास्टचे दुवे मोजणीसाठी दोन-तीन दारांतून फिरवलेले असतात. कर्लला उणे चिन्हासह मोठ्या लिपीतील ‘एल’ दिला की ते त्या सर्व दारांतून निमूटपणे जाऊन शेवटच्या घरी पोचते.

या आज्ञा एकमेकींना जोडणारी एक उभी रेघ असते. युनिक्समध्ये ती सोय १९७३ मध्ये, डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने आली. पोथीत अशीच उभी रेघ, म्हणजे दंड, चरण संपल्याचे सांगते. येथे ती एका आज्ञेचे फलित दुसरीच्या स्वाधीन करते: पहिली आज्ञा यादी आणते, दुसरी तीतून सहपत्रांचे पत्ते वेचते, तिसरी त्यांतले नवे तेवढे निवडते, चौथी ते उतरवून घेते. लिंक फेसेंडेन यांनी पॉडकास्टच्या आरंभकाळातच ‘बॅशपॉडर’ नावाची जी आज्ञावली लिहिली, तिची रचना नेमकी अशी आहे. ती छापली तर एका पानात मावेल. तिच्यासोबत एक फाईल असते, तीत आपल्याला हव्या असलेल्या कार्यक्रमांचे पत्ते ओळीने लिहायचे. दुसरी फाईल ही नोंदवही. आणलेल्या प्रत्येक भागाचा पत्ता तीत जमा होतो, आणि जे वहीत आहे ते पुन्हा आणले जात नाही. आणलेले सारे त्या दिवसाच्या तारखेच्या फोल्डरात जाते. ज्यांना स्वतः आज्ञा जुळवण्याचा कंटाळा आहे, त्यांच्यासाठी न्यूजबोटसोबत येणारा पॉडबोट किंवा जीपॉडरची ‘जीपीओ’ ही आज्ञा तयार आहे. पण आमचा कल बॅशपॉडरसारख्या, आरपार दिसणाऱ्या रचनेकडे आहे. उरते ते वेळापत्रक. त्यासाठी ‘क्रॉन’. त्याच्या ओळीत आधी शून्य, मग चार आणि मग तीन तारका लिहिल्या की त्याचा अर्थ होतो, ‘रोज पहाटे चार वाजता’. संगणक तेवढा चालू हवा.

येथवरचा भाग कुणीही तंत्रज्ञ अधिक चांगला सांगेल. आमच्या दृष्टीने खरा प्रश्न आणून झाल्यावर सुरू होतो, आणि तो नावाचा आहे. कार्यक्रमाचे कर्ते आपल्या फायलींना जी नावे देतात त्यांत शिस्त क्वचितच असते. कित्येक फायलींचे नाव सरसकट ‘डिफॉल्ट’ असते, कित्येकांचे अक्षर-अंकांचे निरर्थक कडबोळे असते. शंभर फायली जमल्या की कोणत्या फाईलमध्ये कोण बोलते आहे ते प्रत्येक वेळी ऐकूनच ठरवावे लागते. म्हणून उतरवतानाच नाव बदलावे: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग कार्यक्रम, मग विषय. वर्ष आधी लिहिण्याचे कारण साधे आहे. संगणक नावे डावीकडून लावतो, आणि असे लिहिले की अकारविल्हे लावलेली यादी आपोआप कालानुक्रमे लागते.

नाव देवनागरीत ठेवावे काय? आम्ही ठेवतो, आणि त्याची किंमत जाणून ठेवतो. लिनक्सवर फाईलच्या नावाला साधारणपणे २५५ बाइटांची मर्यादा असते, आणि युनिकोडच्या प्रचलित लेखनपद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. मात्रा, वेलांटी आणि हलन्त यांचीही वेगळी मोजणी होते. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा वाटतो. संगणकाच्या लेखी तो ११ चिन्हांचा आणि ३३ बाइटांचा आहे. म्हणजे संपूर्ण नावाला जेमतेम ८५ चिन्हे मिळतात. याहून नाजूक बाब ‘ऱ’ची आहे. ‘दऱ्या’ या शब्दातील ते अक्षर एका स्वतंत्र चिन्हाने लिहिता येते, ‘र’ला नुक्ता जोडून लिहिता येते, आणि जुन्या पद्धतीने ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही लिहिता येते. डोळ्याला बहुधा फरक दिसत नाही. शोध घेणाऱ्या आज्ञेला मात्र हे तीन निराळे शब्द वाटतात. हस्तलिखितांतील पाठभेद डोळ्याने टिपण्याची आपल्याला सवय आहे. येथे डोळ्याला न दिसणारा पाठभेद आहे, आणि त्यासाठी एकच लेखनरूप ठरवून ते कसोशीने पाळणे एवढाच उपाय आहे. हे काम कुणी तंत्रज्ञ आपल्यासाठी करील, अशी आशा आम्ही बाळगत नाही.

पाठभेद ध्वनीतही असतो. अनेक मोठे कार्यक्रम आता भागांत आयत्या वेळी जाहिराती जोडतात. कोण, कोठून, कधी उतरवून घेतो यावर त्या बदलतात. एकच भाग दोघांनी दोन गावी उतरवला तर दोन फायलींची लांबी वेगळी भरू शकते. ‘अमुक भागात बाराव्या मिनिटाला’ असा संदर्भ प्रबंधात देणाऱ्या संशोधकाने याचा विचार केला पाहिजे. ज्या प्रतीवरून संदर्भ दिला ती प्रत जपावी, ती कधी उतरवली याची तारीख नोंदवावी, आणि ‘शा-२५६-सम’ या आज्ञेने तिचा अंकीय ठसा काढून तोही लिहून ठेवावा. फाईलमधील एक बिट बदलला तरी हा ठसा बदलतो. जुन्या पुष्पिकेचे जे काम होते, तेच आता या तीन नोंदींचे आहे.

या सगळ्याचा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर आमच्या विभागातील एका अनुभवाने देतो. पदव्युत्तर वर्गाला लोकसाहित्य शिकवताना आम्ही एका मुलाखतमालिकेचा उपयोग करीत असू. एका तरुण अभ्यासकाने खेड्यापाड्यांतील वृद्ध कलावंतांना बोलते करून तिचे ४३ भाग स्वखर्चाने प्रसिद्ध केले होते. पुढे त्याला फायली ठेवण्याचे वार्षिक शुल्क परवडेना आणि मालिका नाहीशी झाली. काही दिवस ॲपांमध्ये शीर्षके दिसत राहिली. दाबले तर आवाज येत नसे. आमच्या संगणकावर ३८ भाग होते, कारण आमची पहाटे चारची आज्ञा ते निमूटपणे उतरवीत आली होती. पहिले पाच नव्हते. आम्ही आरंभ केला तेव्हा १५ भाग प्रसिद्ध झालेले होते, आणि त्याची यादी केवळ शेवटचे १० भाग दाखवी. अनेक कार्यक्रमांच्या याद्या अशाच मागून झडत जातात, ही बाब ॲप वापरणाऱ्यांच्या सहसा ध्यानी येत नाही. आम्ही त्या अभ्यासकाशी संपर्क साधला तेव्हा कळले की त्याच्या जुन्या संगणकासोबत मूळ फायलीही गेल्या होत्या. ३८ भाग आम्ही त्याला परत केले. उरलेल्या पाचांपैकी एकात बोलणारे शाहीर आता हयात नाहीत. त्यांचा आवाज कुणा अनोळखी श्रोत्याने उतरवून घेतला असेल तर असेल.

या प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला हक्काचा. कर्त्याच्या अनुमतीवाचून प्रत ठेवणे योग्य काय? पॉडकास्टचा कर्ता आपली फाईल उतरवून घेण्यासाठीच यादीत ठेवतो, आणि १९५७ च्या भारतीय प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी वापर आणि संशोधन यांसाठी रास्त वापराची तरतूद आहे. परंतु जपणे आणि पुन्हा प्रसिद्ध करणे यांत अंतर आहे. ते ओलांडण्याचा अधिकार आपल्याला नाही. ३८ भागांचे काय करायचे हे त्या अभ्यासकानेच ठरवायचे. शिवाय दुसऱ्याच्या दारी दर दहा मिनिटांनी यादी मागायला जाणेही असभ्यपणाचे. दिवसातून एकदा पुरे.

दुसरा आक्षेप संग्रहाच्या हव्यासाचा, आणि तो अधिक गंभीर आहे. आज्ञा रोज आणते, कान रोज ऐकत नाहीत. बोलक्या आवाजाचा १२८ केबीपीएस दराने घेतलेला एक तास सुमारे ५८ एमबी जागा घेतो. म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर १७ हजारांहून अधिक तास मावतात. रोज दोन तास ऐकले तरी त्यांना २३ वर्षे लागतील. तेव्हा जागा आहे म्हणून साठवणे हे जपणे नव्हे. पत्त्यांच्या फाईलमध्ये काय लिहायचे आणि काय नाही, हा निर्णय वाङ्मयीन आहे, आणि तो कोणतीही आज्ञा आपल्यासाठी घेत नाही. आमच्या फाईलमध्ये आज १९ ओळी आहेत. विसावी लिहायची तर आधीची एखादी खोडता येईल काय, याचा आम्ही विचार करतो. गाजलेले आणि धनिकांचे कार्यक्रम आम्ही त्यांत घेत नाही. ते जपायला पुष्कळ आहेत. एकट्याने चालवलेले, बोलीत बोलणारे, शुल्क थकले की बुडणारे असे जे आहेत, ते आधी.

तिसरा आक्षेप असा की, हे काम संस्थांनी करावे. करावेच. विद्यापीठांनी, ग्रंथालयांनी, साहित्यसंस्थांनी ध्वनिसंग्रह उभारावेत, या मागणीस आमचा पूर्ण पाठिंबा आहे. परंतु संस्थेला ठराव लागतो, अनुदान लागते, समिती लागते. आणि यादी तोवर मागून झडत असते. पोथ्या उतरवून घेणाऱ्यांनी ठरावाची वाट पाहिली असती, तर आपल्या संस्थांना जतन करण्याजोगे फारसे उरलेच नसते.

म्हणून आमची सूचना अगदी मर्यादित आहे. प्रत्येक महाविद्यालयाच्या मराठी विभागात निदान एक संगणक आणि एक अध्यापक असा असावा, की जो या काही ओळी स्वतः लिहू आणि वाचू शकेल. त्याने आपल्या परिसरातील, आपल्या बोलीतील पाच-सहा कार्यक्रम निवडावेत. फायलींना नीट नावे द्यावीत, नोंदवही ठेवावी, आणि दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी. विद्यार्थ्यांपैकी ज्याला रस असेल त्याला हे शिकवावे. पाठचिकित्सेच्या तासाला याहून जिवंत उदाहरण मिळणार नाही. कार्यक्रमाच्या कर्त्याला एक पत्र लिहावे की, आपले भाग आम्ही जपत आहोत, आपल्याला हवे तेव्हा मागून घ्या. एवढे करायला एक शनिवार पुरतो, आणि नंतरचे काम पहाटे चार वाजता होत राहते.